पीएलजीएचे नॅनोकण, मावशीची सलाईन आणि तुझा प्रोजेक्ट

प्रश्न असा आहे: "मॅडम, मी कराडला एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव पलूस. प्रोजेक्टला पीएलजीए या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या नॅनोकणांत पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं औषध भरायचं ठरवलंय. माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर आहे. मिरजेत केमो चालू आहे, चार लाल (डॉक्सोरुबिसिनचे) डोस झाले, आता पॅक्लिटॅक्सेलच सुरू होणार. या कणांवर इतकी वर्षं ढिगाने पेपर निघतायत, मग वॉर्डात ते का दिसत नाहीत? मावशीसाठी नॅनोवालं इंजेक्शन मागावं का? आणि पीव्हीए किती टक्के घेऊ?"

तुझ्या तीन प्रश्नांतला पीव्हीएचा, म्हणजे कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून पाण्यात घालायच्या पॉलिमरचा, सगळ्यात सोपा, म्हणून तो शेवटी घेते. मी पीएच.डी. याच कणांवर केली, मग काही वर्षं इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कंपनीत फॉर्म्युलेशनला होते, आणि आता सांगली जिल्ह्यात शिकवते. त्यामुळे पेपर, प्लॅन्ट आणि प्रोजेक्ट या तिन्ही बाजूंनी हे प्रकरण पाहिलंय.

सुरुवात मावशीच्या सलाईनपासूनच करू. पॅक्लिटॅक्सेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. म्हणून नेहमीच्या इंजेक्शनमध्ये ते क्रेमोफोर आणि अल्कोहोल यांच्या मिश्रणात विरघळवलेलं असतं. क्रेमोफोर म्हणजे आपल्या एरंडेलावर प्रक्रिया करून बनवलेला दाट, तेलकट पदार्थ. दर मिलिलिटरमध्ये औषध ६ मिलिग्रॅम आणि क्रेमोफोर ५२७ मिलिग्रॅम. आता हिशोब कर. तीन आठवड्यांनी द्यायचा डोस चौरस मीटरला १७५ मिलिग्रॅम, आणि मावशीचं शरीराचं क्षेत्रफळ १.६ चौरस मीटर धरलं तर औषध झालं २८० मिलिग्रॅम. त्याच्याबरोबर शिरेतून जाणारं क्रेमोफोर सुमारे २५ ग्रॅम! औषध चिमूटभर आणि ते वाहून नेणारं वंगण पाच चमचे.

वॉर्डात जो सगळा सोपस्कार दिसतो तो या वंगणामुळे. आधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, ॲलर्जीचं इंजेक्शन, ॲसिडिटीचं इंजेक्शन. साध्या पीव्हीसीच्या नळीतलं प्लॅस्टिसायझर क्रेमोफोर ओढून घेतं, म्हणून सेट वेगळा लावायचा, त्यात बारीक फिल्टर. तीन तास सलाईन. पहिल्या-दुसऱ्या डोसला सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं सिस्टर पेशंटजवळून हलत नाहीत, कारण चेहरा लाल होणं, छाती दाटणं, बीपी पडणं हे व्हायचं असेल तर बहुतेक वेळा तेव्हाच होतं. पॅक्लिटॅक्सेलला नॅनोकणात घालण्याचं पहिलं कारण हे होतं: हे वंगण काढून टाकता येईल का? "ट्यूमरवर नेम धरून मारा" ही भाषा नंतर आली, आणि माझ्या मते तिनेच घोटाळा केला.

पीएलजीए का, हे तुला ठाऊक असेल, तरी मावशीच्या घरच्यांना सांगता यावं म्हणून थोडक्यात सांगते. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिडची ही साखळी. शरीरातल्या पाण्याने ती हळूहळू तुटते, तुकडे पेशींच्या नेहमीच्या चयापचयात जातात आणि शेवटी कार्बन डायऑक्साइड व पाणी उरतं. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके याच कुळातले. विक्रिलच्या धाग्यात ९० भाग ग्लायकोलिक आणि १० भाग लॅक्टिक असतं, आणि १९७० च्या दशकापासून तो माणसांच्या पोटात विरघळतोय. लॅक्टिक ॲसिड साखर आंबवून बनतं, म्हणजे आपल्या वाळव्या-कराडच्या उसापासूनही बनू शकतं. दोन्ही ॲसिडं निम्मी-निम्मी असली तर पॉलिमर सर्वांत लवकर, एक-दोन महिन्यांत तुटतो. लॅक्टिक वाढवलं की वेळ लांबतो. सुरक्षिततेबद्दल पीएलजीएशी फारसं भांडण नाही. भांडण आहे ते पुढच्या प्रवासाशी.

कण बनवणं तुला वाटतं तितकं अवघड नाही. पीएलजीए आणि औषध ॲसिटोनमध्ये विरघळव, ते थेंबाथेंबाने पीव्हीएच्या पाण्यात सोड, ढवळत ठेव, ॲसिटोन उडून जाऊ दे. किंवा डायक्लोरोमिथेन घेऊन बर्फात ठेवलेल्या बीकरमध्ये सोनिकेटरने इमल्शन कर. तासगाव-पलूसकडचा आहेस म्हणजे बेदाण्याचं डिपिंग लहानपणापासून बघितलं असशील. डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेट पाण्यात घुसळलं की दुधासारखं पांढरं होतं, त्यात द्राक्षाचे घड बुडवून काढायचे. ते इमल्शनच. तुझ्या बीकरमध्ये मात्र तसं पांढरंफेक दिसलं तर खूश होऊ नकोस, कण मोठे झालेत. २०० नॅनोमीटरच्या आत कण असले की द्रावण पातळ ताकासारखं, आणि उजेडाकडे धरलं की कडेला निळसर झाक मारतं. ती झाक ओळखायला डोळा तयार झाला की मशीनवर जाण्याआधीच बॅच बसली की बिघडली ते कळतं.

माझी पहिली चांगली बॅच लोडशेडिंगने खाल्ली. २००६-०७ चे दिवस. संध्याकाळी स्टरर लावून घरी गेले, रात्री वीज गेली, सकाळी बीकरच्या तळाशी दह्याच्या कवडीसारखी साय बसलेली. डायक्लोरोमिथेन पूर्ण उडालेलं नव्हतं, कण मऊच होते, ढवळणं थांबलं तसे एकमेकांना चिकटले. दुसरा धडा उन्हाळ्याने दिला. निम्म्या-निम्म्याचा पीएलजीए ४५-५० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, आणि ओला असेल तर त्याच्याही बऱ्याच खाली. सांगलीत एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. एसी बंद पडलेल्या खोलीत ठेवलेली पावडर चार दिवसांनी रबराच्या गोळीसारखी निघाली. ट्रेहॅलोज ही साखर घालून फ्रीझ-ड्राय करायचं आणि बाटली सीलबंद फ्रीजमध्ये ठेवायची, हे पुस्तकात एका ओळीत असतं. कळलं ते त्या गोळीमुळे.

आता तो हिशोब, जो प्रबंधात कुणी लिहीत नाही. समजा तू १०० मिलिग्रॅम पीएलजीएला ५ मिलिग्रॅम पॅक्लिटॅक्सेल घेतलंस आणि त्यातलं ४ मिलिग्रॅम कणांत अडकलं. एनकॅप्स्युलेशन ८० टक्के, व्हायवाला परीक्षक मान डोलावतील. पण कणाच्या वजनात औषध किती? सुमारे ४ टक्के. मावशीच्या एका डोसला २८० मिलिग्रॅम हवं. म्हणजे तुझ्या ७० बॅचेस, आणि शिरेतून जाणारा पॉलिमर ७ ग्रॅम. एका बाईला, एका दिवसासाठी. पेपरमध्ये ठळक छापतात तो ८० चा आकडा, आणि कंपनीत पहिल्या मीटिंगला विचारतात तो ४ चा.

कंपनीत गेल्यावर आणखी दोन भिंती दिसल्या. एक निर्जंतुकीकरण. ऑटोक्लेव्हच्या १२१ अंशांत पीएलजीएचा चिखल होतो. गामा किरणांनी साखळ्या तुटतात, मग औषध सुटण्याचा वेग बदलतो. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढावं तर १८०-२०० नॅनोमीटरचे कण त्यात अडकून फिल्टर चोंदतो. उरतं काय, तर पहिल्या थेंबापासून शेवटच्या बाटलीपर्यंत सगळं काम निर्जंतुक खोलीत करायचं, आणि ते किती महाग पडतं ते विचारू नकोस. दुसरी भिंत उरलेल्या सॉल्व्हंटची. डायक्लोरोमिथेनची मर्यादा ६०० पीपीएम. १० मिलिलिटरच्या बीकरमधून ते रात्रीत उडतं. १० लिटरच्या भांड्यातून काढता काढता कण बिघडतात. आमची एक बॅच याच कारणाने फेकली, आणि आकाराच्या बाबतीत ती तोवरची सगळ्यात देखणी बॅच होती.

समजा हे सगळं जमलं. कण शिरेत गेला. पुढे?

कराडहून साताऱ्याला निघालेल्या गाडीला तासवडेचा टोलनाका चुकत नाही, तसं रक्तात सोडलेल्या कणाला लिव्हर चुकत नाही. रक्तात शिरताच कणावर प्रथिनं चिकटतात, त्या प्रथिनांवरून लिव्हर आणि प्लीहेतल्या भक्षक पेशी त्याला परका म्हणून ओळखतात आणि गिळतात. साधा पीएलजीएचा कण काही मिनिटांत रक्तातून साफ होतो. त्यावर उपाय म्हणून बाहेरून पेग (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) या पॉलिमरच्या साखळ्यांचं आवरण देतात. पाणी धरून ठेवणारं ते आवरण प्रथिनांना चिकटू देत नाही आणि कण नाक्याच्या आडवाटेने सटकतो. काही तासांची सवलत मिळते, कायमची नाही. काही जणांच्या रक्तात पेगविरुद्धच्या अँटीबॉडी आधीपासून सापडतात, ती भानगड वेगळीच.

जे कण सुटतात ते ट्यूमरमध्ये कसे शिरतात? १९८६ मध्ये जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं की ट्यूमरच्या रक्तवाहिन्या घाईघाईत वाढलेल्या, गळक्या असतात. त्यातून मोठे रेणू बाहेर झिरपतात, आणि निचरा नीट नसल्याने तिथेच साठतात. त्यावर तीन दशकं प्रत्येक प्रबंधाची प्रस्तावना उभी राहिली, माझीही. मग २०१६ मध्ये टोरांटोच्या वॉरन चॅन यांच्या गटाने दहा वर्षांतले पेपर गोळा करून साधा प्रश्न विचारला: टोचलेल्या डोसपैकी ट्यूमरमध्ये पोचतं किती? मध्यक आला ०.७ टक्के. मावशीच्या २८० मिलिग्रॅमला हा दर लावला तर २ मिलिग्रॅमही नाही. लगेच हेही सांगते की तो आकडा उंदरांवरच्या प्रयोगांचा आहे, आणि कणाशिवाय दिलेलं औषधसुद्धा काही सरळ ट्यूमरमध्ये जाऊन बसत नाही, सगळ्या अंगभर पसरतं. पण "नेम धरून मारा" म्हणायचं आणि हजारातले सात लागले की टाळ्या घ्यायच्या, हे मला पटत नाही.

उंदीर आणि माणूस यांतला फरकही लक्षात ठेव. २० ग्रॅमच्या उंदरावर प्रयोगशाळेत १ ग्रॅमचा ट्यूमर वाढवतात, तोही दोन-तीन आठवड्यांत. ६० किलोच्या माणसात त्याच प्रमाणाची गाठ ३ किलोची होईल. इतक्या वेगाने फुगलेल्या गाठीच्या वाहिन्या गळक्या असणारच. मावशीची गाठ वर्षानुवर्षं हळूहळू वाढलेली असू शकते. तिच्यात तंतूंचं घट्ट जाळं असतं, आतला दाब जास्त असतो आणि वाहिन्यांचा गळकेपणा एकाच गाठीत जागोजागी वेगळा असतो. म्हणून उंदरावर सुंदर दिसलेले आलेख माणसात सपाट होतात.

वॉर्डात हे कण का दिसत नाहीत याची दोन ठळक उदाहरणं देते. बाइंड-०१४ हे पीएलए (नुसत्या लॅक्टिक ॲसिडची साखळी) आणि पेग यांच्या कणात पॅक्लिटॅक्सेलचंच भावंड डोसेटॅक्सेल होतं, वर प्रोस्टेट कॅन्सरच्या पेशी ओळखणारा रेणू लावलेला. औषध वाहून नेणाऱ्या पॉलिमरांतला मोठा शास्त्रज्ञ रॉबर्ट लँगर कंपनीच्या संस्थापकांत. दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्यांत अपेक्षित परिणाम दिसला नाही, आणि २०१६ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. दुसरं लिव्हाटॅग. विघटनशील सायनोॲक्रिलेट पॉलिमरच्या कणात डॉक्सोरुबिसिन, म्हणजे मावशीचं तेच लाल औषध, लिव्हरच्या कॅन्सरसाठी. कल्पना हुशारीची होती: कण लिव्हरमध्येच अडकतात ना, मग रोगच लिव्हरचा घेऊ. तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेलं, आणि २०१७ मध्ये कळलं की नेहमीच्या उपचारांपेक्षा पेशंट जास्त जगत नाहीत. टोलनाक्यावर उतरवलेला माल नाक्यापलीकडच्या घरी पोचला असं होत नाही. भक्षक पेशींनी गिळलेलं औषध कॅन्सरच्या पेशीत गेलं असं होत नाही. हे मात्र माझं मत, चाचणीचा निष्कर्ष नव्हे.

पण म्हणून विघटनशील पॉलिमर कॅन्सरमध्ये हरला, असं समजू नकोस. तो केव्हाच जिंकलाय, फक्त नॅनोच्या पाटीखाली नाही. हरिपूरची हळदीची पेवं माहीत असतील तुला. जमिनीखाली खोल खड्डा, त्यात हळद भरायची, तोंड बंद करायचं, आणि भाव आला की काढायची. ल्युप्रोलाइड या हार्मोनवरच्या औषधाचं डेपो इंजेक्शन म्हणजे असं पेव. पीएलजीएचे मायक्रॉनमधले, म्हणजे तुझ्या कणांच्या शंभरपट मोठे गोळे स्नायूत टोचतात. ते कुठे जात नाहीत, तिथेच बसून महिनाभर औषध पाझरवतात. प्रोस्टेट कॅन्सरसाठी १९८९ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, पुढे तीन आणि सहा महिन्यांचे डेपो आले. रोजच्या सुईऐवजी महिन्याला एक. मिरजेतल्या कुठल्याही कॅन्सरच्या ओपीडीत हे इंजेक्शन सापडेल, आणि ते घेणाऱ्या आजोबांना आपल्या दंडात किंवा कमरेत पॉलिमर विज्ञान चाललंय याची कल्पनाही नसते. ग्लायडेल हे दुसरं. मेंदूतली गाठ काढल्यावर त्या पोकळीत ठेवायच्या चकत्या, एका चकतीत कार्मुस्टिन ७.७ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त आठ चकत्या. १९९६ मध्ये मान्यता. या दोन्हींत कणाने प्रवास करायचाच नाही. डॉक्टर त्याला जागेवर नेऊन ठेवतात. पॉलिमरने वेळ सांभाळायचा, वाट शोधायची नाही.

आणि शिरेतून देण्याच्या कणांतही यश आलंय, पण वंगण काढण्यात. दक्षिण कोरियात २००७ मध्ये जेनेक्सॉल-पीएम मंजूर झालं: पेग-पीएलएच्या मायसेलमध्ये, म्हणजे पाण्यात आपोआप जुळणाऱ्या बारीक गोळ्यांत, पॅक्लिटॅक्सेल, क्रेमोफोर शून्य. तुझ्या प्रोजेक्टचा हा सगळ्यात जवळचा थोरला भाऊ, तोच वाच. दुसरं म्हणजे अल्ब्युमिनमध्ये बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल, ज्याला डॉक्टर नुसतं नॅब म्हणतात. कण १३० नॅनोमीटरच्या आसपास, रक्तात गेल्यावर ते लवकरच सुट्या अल्ब्युमिनमध्ये विरघळतात.

आता मावशी. तू ज्याला नॅनोवालं इंजेक्शन म्हणतोस ते बहुधा हे नॅबच. अमेरिकेत ते २००५ मध्ये मंजूर झालं ते पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या ४५४ बायकांवरच्या चाचणीवर. गाठ कमी होण्याचं प्रमाण ३३ टक्के, साध्या पॅक्लिटॅक्सेलचं १९ टक्के. पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीला घसरणं ९ टक्के विरुद्ध २२. सलाईन अर्ध्या तासाची आणि ॲलर्जीची पूर्वतयारी सहसा लागत नाही. पण हातापायांच्या मुंग्या आणि बधिरपणा तीव्र पातळीवर १० टक्क्यांना, साध्यात २ टक्क्यांना. आणि त्या चाचणीत साधं पॅक्लिटॅक्सेल तीन आठवड्यांनी एकदा दिलं होतं. नंतर पसरलेल्याच कॅन्सरमध्ये दर आठवड्याच्या साध्या पॅक्लिटॅक्सेलशी नॅबची तुलना केली, तेव्हा नॅब सरस ठरलं नाही, त्रास मात्र जास्त झाला. चार लाल डोसनंतर बहुतेक ठिकाणी पॅक्लिटॅक्सेल आठवड्याचंच देतात, डोस चौरस मीटरला ८० च्या आसपास. मावशीचं तसंच ठरलं असेल तर "नॅनो द्या" म्हणून हट्ट धरण्यात मला अर्थ दिसत नाही.

हट्टाऐवजी डॉक्टरांना हे विचार: आठवड्याचं की तीन आठवड्यांचं? मावशीला शुगर आहे का, आधीच तळपायाची आग होते का? तसं असेल तर बधिरपणाचा प्रश्न मोठा आहे. साध्या पॅक्लिटॅक्सेलला जोराची रिॲक्शन आली तर पुढचा विचार काय? डेक्सामेथासोन चालणार नाही अशी शुगर असेल किंवा रिॲक्शन आलीच, तर नॅबचा पर्याय डॉक्टर स्वतःच काढतील. महात्मा फुले योजनेतून उपचार असतील तर कुठलं औषध पॅकेजमध्ये बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला आधी विचारा, नंतर बिल बघून धक्का नको. आणि एक गोष्ट फार्मासिस्ट म्हणून तू लक्षात ठेव: साधं आणि नॅब यांचे मिलिग्रॅम एकमेकांना लागू होत नाहीत. तीन आठवड्यांच्या हिशोबात एक १७५ आणि दुसरं २६०. नाव सारखं दिसतं म्हणून बाटली बदलायची गोष्ट नाही ही.

"नॅनो हळद" नावाच्या गोळ्याही कुणीतरी घरी आणून देईल, सांगलीत तर नक्कीच. केमो चालू असताना डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. भाजीतली हळद खुशाल खाऊ दे.

हळदीवरून तुझ्या प्रोजेक्टकडे येते. आपल्याकडे दर वर्षी हळदीतल्या कर्क्युमिनच्या नॅनोकणांचा एक तरी प्रबंध माझ्यासमोर येतो, आणि बहुतेकांत तोच दोष. कर्क्युमिन ७.४ पीएचच्या साध्या बफरमध्ये टिकत नाही. अर्ध्या तासात बहुतेक सगळं तुटून जातं. पोरं दर तासाला सॅम्पल काढतात, रीडिंग कमी येतं, आणि लिहितात "औषध सावकाश सुटलं". अरे, सुटलं होतं, पण मोजायच्या आधीच मेलं.

पॅक्लिटॅक्सेलचा सापळा वेगळा, पण नातेवाईक. त्याची पाण्यातली विद्राव्यता मिलिलिटरला एक मायक्रोग्रॅमहूनही कमी. एक धरली तरी तुझं ४ मिलिग्रॅम विरघळायला ४ लिटर पाणी लागेल, म्हणजे सगळं सुटायला वाव मिळावा म्हणून त्याच्याही कित्येक पट, कळशीच्या कळशी. तू बीकरमध्ये घेणार १०० मिलिलिटर बफर. मग औषध कणाबाहेर येणार कुठे? आलेख आडवा पडतो आणि आपण त्याला "सस्टेन्ड रिलीज" म्हणतो. बफरमध्ये ट्वीन किंवा तसंच औषध विरघळवून घेणारं साबणासारखं काही घाल, माध्यम वेळोवेळी बदल, आणि विद्राव्यता स्वतः मोजून मगच आकारमान ठरव. डायलिसिसची पिशवी वापरणार असशील तर त्याच पिशवीत नुसतं औषध घालून तोच आलेख काढ. माझ्या पहिल्या पेपरात मी हे केलं नव्हतं. ७२ तासांत २० टक्के सुटलं म्हणून आनंदात होते. परीक्षकाने एका ओळीत विचारलं, मोकळं औषध किती सुटतं? काढून बघितलं तर जवळजवळ तितकंच. अडवत होती पिशवी, माझा पीएलजीए नव्हे. पेपर मागे घेतला, सहा महिने परत काम केलं.

पेशींवरच्या प्रयोगातही औषधाशिवायचे रिकामे कण आणि कणाशिवायचं औषध, दोन्ही लाव. रिकाम्या कणांनीच पेशी मरत असतील तर उरलेलं सॉल्व्हंट किंवा पीव्हीए तपास.

विषय बदलायला अजून वेळ असेल तर एक सुचवते. आपल्या भागात तंबाखू, गुटखा आणि बायकांमधली मिश्री यांमुळे तोंडाचे रोग डोळ्यांसमोर आहेत. तोंडातली जखम डॉक्टरांच्या बोटाच्या अंतरावर असते. तिथे कणाला लिव्हरचा नाका ओलांडावा लागत नाही. कायटोसान कोळंबीच्या सालापासून मिळतं, पातळ ॲसेटिक ॲसिडमध्ये विरघळतं, ओल्या त्वचेला चिकटतं. सिस्प्लॅटिन या केमोच्या औषधाचे कायटोसान-कण असलेला तोंडात चिकटवायचा पॅच माणसांवर तपासूनही झालाय. तुझ्या कॉलेजात सिस्प्लॅटिन हाताळायची सोय नसेल, तर निदान फिल्मचं चिकटणं, फुगणं आणि लाळेत टिकणं एवढंच नीट मोजलंस तरी पॅक्लिटॅक्सेलच्या आणखी एका आडव्या आलेखापेक्षा मला ते वाचायला आवडेल. गाइड तयार नसतील तर भांडू नकोस, आहे तोच विषय प्रामाणिकपणे कर, आणि तो ४ टक्क्यांचा हिशोब प्रबंधात लिही. परीक्षकाला राग येईल असं वाटतं, येत नाही.

आणि पीव्हीए. एक टक्का घे, ८७-८९ टक्के हायड्रोलाइज्ड ग्रेड. थंड पाण्यात शिंपडून फुगू दे, मग ८०-९० अंशांवर ढवळ. गरम पाण्यात एकदम ओतलास तर रव्याच्या गुठळ्या होतात. दोन टक्क्यांनी कण थोडे लहान येतील, पण पीव्हीए कणाच्या पृष्ठावर असा बसतो की तीनदा धुऊनही पुरता निघत नाही, आणि मग तू पीएलजीएचा पृष्ठभाग मोजतोयस की पीव्हीएचा, तेच कळत नाही. बोरिक ॲसिड आणि आयोडीनने रंग आणून उरलेला पीव्हीए मोजता येतो, एका दुपारचं काम आहे. पीएलजीएची बाटली फ्रीजमधून काढल्यावर लगेच उघडू नकोस. तासभर टेबलावर राहू दे, बाहेरचं दव पूर्ण वाळलं की मगच झाकण फिरव.